बाबांच्या दाताला न कळलेला गहू

कराजादाग डोंगराचा पायथा, २० जून १९८६

ती. सिपानदादास, धाकट्या रुकेनचा सा. न. वि. वि.

दगडी उतारावरचा रानगहू तू मागितलास, पण हाती काही लागलं नाही. बाबा रोज एक दाणा दाताखाली धरायचे आणि मऊ आहे म्हणून परत फिरायचे. परवा तो कटकन फुटला. काल विळा घेऊन गेलो, तर उभ्या होत्या नुसत्या काड्या. ओंब्या सुटून दगडांच्या फटींत गेल्या होत्या. बाबांनी शेजाऱ्यांच्या गाढवांना शिव्या घातल्या.

द्राक्षं उतरली की ट्रॅक्टर येणार, दगड निघणार आणि तिथे मसूर होणार. रानातलं बी जपून ठेवणाऱ्या तुमच्या बीजपेढीत या उताराचा एक दाणा नाही. मला फार वाईट वाटतंय.

तुझी रुकेन

अंकारा, २७ जून

चि. रुकेनला अनेक आशीर्वाद.

गाढवं निर्दोष आहेत, गाढव मी. पेरलेला गहू विळ्याची वाट बघत थांबतो. रानगहू पिकला की ओंबी आपणच सुटते, नाहीतर त्याला पेरणार कोण? हिरवट असतानाच कापा, हे लिहायचं मी विसरलो. वर उन्हाळी कुरणात आत्याच्या तंबूपाशी बर्फ उशिरा वितळतं, तिथला गहू अजून हिरवा असेल. तोच आण. बाबांना सांग, मसुराला माझी हरकत नाही. हरकत आहे, पण ते सांगू नकोस.

तुझा दादा

कराजादागचा पायथा, १५ जुलै

ती. दादास सा. न.

वर जाऊन आले. आत्याने दही-भाकरी खाऊ घातली आणि गवत गोळा करायला शिकवतात का शहरात, असं तुझ्याबद्दल विचारलं. तिथला गहू पाठवतेय, पण तो बुटका, काळसर कुसळांचा. आपल्या उतारावरचा उंच आणि पिवळा. एकाच डोंगराचे दोन गहू असे वेगळे कसे?

बाबांनी वरची ओंबी आणि फटीत अडकलेला आपल्या ओंबीचा तुकडा बराच वेळ शेजारी धरून पाहिला. मग उतारावर जाऊन बसले आणि फटींतून दाणे वेचू लागले. मीही बसले. मुंग्या आमच्या आधी येऊन गेल्या होत्या. कुसळांनी बोटं सोलली. दोन दिवसांत एक मूठ भरली, ती सोबतच्या पुडीत आहे.

काल ट्रॅक्टरवाला तारीख ठरवायला आला, तर बाबांनी त्याला खालचं शेत दाखवलं. उतार का नको, असं त्याने विचारलं. बाबा म्हणाले, पुन्हा कधी पोराने रानगहू मागितला तर तो मुंग्यांकडून परत मागायला माझी कंबर उरलेली नाही, तो उभाच राहू दे.

लोभ आहेच, पत्रातही येऊ दे.

तुझी रुकेन