कादंबरीची समाप्ती

२४ एप्रिल १९६२
अमरावतीहून महागावला पोचायला दुपार उलटली. तिथून अडीच कोस पायी. बाबा ओसरीत बसले होते. "आला काय?" "हो." "पेपर?" "बरे गेले." बोलणं संपलं.
मायचे दिवस करून परत गेलो होतो, त्यानंतर आजच घरी. अडीच महिने. गूळ कुठे ठेवतात ते बाबांना विचारलं. त्यांनाही शोधावा लागला.

२६ एप्रिल
भाकरी भिंतीपलीकडून काकू पाठवतात. वरण बाबा करतात. बाबा काकूंचे भासरे, म्हणजे थोरले दीर, त्यामुळे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. जे सांगायचं ते मधल्या माणसाला, नाहीतर भिंतीला. आज दोघंही दारात, मी मधे.
"सांग तुह्या काकूले, आता तीन भाकरी लागतीन."
"सांग तुह्या बाबाले, मले समजते तेवढं. पोट्टं आलेलं दिसते मले."
हे मधे उभं राहण्याचं काम मायचं होतं.

२८ एप्रिल
शेतात गेलो. धसकटं वेचायला लागलो तर बाबा म्हणाले, "राहू दे. तुह्यं काम नाही हे." पूर्वी असं म्हणत नसत. तरी वेचली. ते एका धुऱ्याला, मी समोरच्या बांधाला. बारा वाजता परत आलो. उरलेला दिवस सरता सरेना.

३० एप्रिल
महागावचं वाचनालय. चौथीचे गुरुजी आता तिथे बसतात. त्यांनी ओळखलं. मायचं त्यांना कळलेलं होतं, पण बोलले नाहीत, बरं वाटलं.
"शास्त्राचं काही नाही बाबू इथे."
"गोष्टीचं चालेल."
एक जाड कादंबरी दिली. पुठ्ठा नवा बांधलेला, नावाचं पान नाही. रसायन आणि भौतिक सोडून मी आजवर आपणहून पुस्तक उघडलेलं नाही. येताना रस्त्यात बाभळीखाली बसून चार पानं वाचली. मग आणखी दहा.

१ मे
दिवसभर वाचलं. केशव नावाचा मुलगा कोकणातून मुंबईला वकिली शिकायला जातो. घरमालकाची मुलगी पेटी वाजवते. केशवची आई गावी एकटी. काही विशेष घडत नाही, पण ठेववत नाही. जेवणही हातात पुस्तक धरून.
पाच वाजेपर्यंत मायची आठवण झाली नाही. मग एकदम झाली. पुस्तक पालथं ठेवलं. थोड्या वेळाने परत घेतलं.

३ मे
घरमालकाची कवळी पेटीत पडते आणि गाणं सुरू असताना आतून खडखडते, असा प्रसंग. मी मोठ्याने हसलो. घरात तो आवाज भलताच वाटला.
भिंतीपलीकडून काकू: "माय जाऊन वर्ष नाही झालं, अन् पोट्टा खिदळून राह्यला. पाह्य वं माय!"
बाबा अंगणात दोर वळत होते. हात थांबवून म्हणाले, "सांग तुह्या काकूले, पोथी वाचून राह्यला थो. मायच्या नावानं."
तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हटलं, "काकू, बाबा म्हणतात..." आणि थांबलो.
"आयकलं मी," काकू म्हणाल्या. मग जरा नरमाईने, "मंग मोठ्यानं काहून नाही वाचत? पोथी मनात वाचते काय कोनी?"

४ मे
बाबा शेतातून लवकर आले. अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले. पाट मांडला, त्यावर स्वच्छ फडकं, त्यावर पुस्तक. टोपी काढून समोर बसले. "कर सुरू. पह्यल्यापासून."
बाबा माझ्यासमोर असे कधी बसलेले नाहीत. वाचलं. पहिलं प्रकरण.
"झाला अध्याय?"
"झाला."
पुस्तकाला हात जोडून उठले.
बाबांना अक्षरओळख नाही. 'तिने निःश्वास सोडला', 'तो उद्गारला', असं आमच्याकडे कोणी बोलत नाही. असली भाषा त्यांनी पोथीतच ऐकलेली.

५ मे
"किती अध्याय हायेत?" "एकवीस." "मोठी हाय मंग."
समुद्राचं वर्णन आलं. "पैनगंगेच्या पुरावानी असते काय?" मी म्हटलं, मी पाहिलेला नाही. यावर दोघंही थोडा वेळ विचार करत बसलो. माय गेल्यापासूनचं हे आमचं सर्वांत लांब बोलणं.

७ मे
प्रक. ६ मध्ये केशव मुलीचा हात धरतो. बापासमोर कसं वाचणार? दोन पानं एकदम उलटली. बाबांचं लक्ष होतं.
"दोन पानं काहून पलटवले? पोथीतलं सोडू नाही."
वाचलं. कान तापले. वर पाहिलं नाही. संपल्यावर बाबा म्हणाले, "लगन होईन त्याहिचं."

९ मे
"देव कवा येते याच्यात?"
"अजून नाही आला."
"येईन. आधी दुःख दाखोते."
काकू भिंतीपलीकडे येऊन बसतात. बांगड्यांवरून कळतं. आज अध्याय संपल्यावर तिकडून आवाज: "इचार तुह्या बाबाले, थे केशवची माय एकलीच राह्यते काय रे घरी?" बाबांनी मला म्हटलं, "सांग, एकलीच राह्यते." मी सांगितलं. काकूंनी "अगं माय" केलं.

१० मे
काकू पाणी भरताना म्हणाल्या, "सकाऊनच्या भाकरी वापस येऊन राह्यल्या. माहीत हाय ना तुले?" माहीत नव्हतं. मी उठतो तेव्हा बाबा शेतात गेलेले असतात.
संध्याकाळी विचारलं. "पोथी उठतवरी एकडाव जेवन. धरलं हाय मी." पोथी संपेपर्यंत तंबाखूही सोडलेली.
या उन्हात, दिवसभर शेतात, एका जेवणावर. आज सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. खरं कारण लिहून ठेवतो: सांगितलं तर ते येऊन बसणार नाहीत.

१२ मे
सकाळी पुढचं वाचून पाहिलं. चौदाव्यात केशवची आई मरते. त्याला कळवत नाहीत. हे प्रकरण गाळायचं ठरवलं.
संध्याकाळी तेरावं संपवून पंधरावं काढलं. चार ओळी झाल्या. बाबा म्हणाले, "थांब. म्हातारी तापानं पडली होती. तिचं काय झालं?"
मागे गेलो. वाचलं. पलीकडे बांगड्या वाजल्या नाहीत.
"पोराले नाही कळवलं त्यायनं?"
"नाही."
"काहून?"
"परीक्षा होती त्याची."
मग बाबा पाटाकडे पाहत म्हणाले, "तुही माय बी तेच म्हने. पोराची परीक्षा होऊ द्या, मंग तार करा. मी आयकलं तिचं."
तार पोस्टातच अडकली असं मी धरून चाललो होतो. माय गेल्यावर तिसऱ्या दिवशी पोचलो होतो मी. त्या दिवसांतल्या प्रॅक्टिकलला मार्क चांगले पडले.
"झाला अध्याय?" हे आज त्यांनी विचारलं नाही. पुस्तकाला हात जोडायचेही विसरले.

१३ मे
दोन अध्याय. कालच्याबद्दल कोणी बोललं नाही. मला राग येतो आहे का, ते पाहिलं. कोणावर, ते कळत नाही.

१५ मे
दुपारी बाबांना शेतात चक्कर आली. गड्याने खांद्यावर हात घेऊन आणलं. चेहरा राखेसारखा. मी कांदा फोडून नाकाशी धरला. काकू भाकरी-दूध कुस्करून घेऊन आल्या, पदर डोक्यावर, आणि थेट बाबांनाच म्हणाल्या, "दोन घास खाऊन घ्या." मी या घरात कधी असं ऐकलेलं नाही. बाबांनाही समजेना, कोणाकडे पाहून उत्तर द्यावं. मला म्हणाले, "पोथी उठू दे म्हना. दोन-तीन अध्याय तं राह्यले. समाप्तीले ढाणकीहून तुह्या मामाले बलावलं हाय."
मामालाही बोलावलं.

१६ मे
सांगितलं. बाबा बाजेवर पडले होते, मी जमिनीवर.
"बाबा, ते पुस्तक पोथी नाही."
"मंग काय हाय?"
"कादंबरी."
"म्हंजे?"
"गोष्ट. कोणीतरी मनाने लिहिलेली. घडलेली नाही."
"केशव?"
"नाही कोणी केशव."
"थे म्हातारी मेली, थे बी खोटं?"
"हो."
बाबा आढ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "बरं झालं मंग."
नंतर कूस बदलली, भिंतीकडे तोंड. मी तिथेच बसून होतो. त्यांना झोप लागली की नाही ते कळलं नाही.

१७ मे
बाबा शेतात गेले. सकाळचं जेवले नाहीत. मी म्हटलं, आता कशाला? "धरलेलं हाय." तेवढंच.
संध्याकाळी पाट मांडला नाही. पलीकडे काकू येऊन बसल्या, वाट पाहिली, उठून गेल्या.

१८ मे
काकू: "काहून रे, पोथी बंद पडली काय? अर्धी पोथी ठेवत नसते." बाबांनी काकूंना सांगितलेलं नाही. मी म्हटलं, बाबांना बरं नाही. हेही खोटंच.
एकोणिसावं आणि विसावं मनातल्या मनात वाचलं. चव लागली नाही. केशव गावी निघतो, लग्नाचं मोडतं. बाबांचा अंदाज चुकला. त्यांना सांगावंसं वाटलं.

२० मे
मामा सकाळी सात वाजता छकड्यातून आले. सोबत नारळ, आंबे. मला जवळ घेऊन रडले. "बहिणीचं नाव काढलं तू. इतकं शिकून पोट्टे मायबापाच्या नावानं काही करत नाहीत आजकाल." मी खाली पाहत होतो. बाबा तिथेच. आता सांगतील असं वाटलं. बैल सोडायला निघून गेले.
अकरा वाजता पाट मांडला, स्वतः. फडकं, पुस्तक, हळदकुंकू, नारळ. शेजारचे चार जण येऊन बसले. काकू दारामागे. बाबांकडे पाहिलं.
"वाच. शेवटचा."
वाचलं. केशव मोटारीतून उतरतो, आईच्या बंद घरासमोर उभा राहतो. मामा तिसरी शिकलेले. मधेच म्हणाले, "मोटार? पोथीत मोटार कुठून आली भाऊ?"
मी थांबलो.
"नव्या पोथ्यायत राह्यते," बाबा म्हणाले. "वाच तू."
केशव दार उघडतो. आत सगळं जिथल्या तिथे. तो चुलीपाशी बसतो. तिथे कादंबरी संपते. शेवटची पाच-सहा वाक्यं मला नीट वाचता आली नाहीत. लोकांना ते बरोबरच वाटलं.
बाबा सगळ्यांना म्हणाले, "पोरानं वाचलं. मायच्या नावानं." आणि पुस्तकाला हात जोडले. माझ्याकडे पाहिलं नाही.
काकूंनी पाटावर डोकं टेकलं. जेवणं झाली. वाढताना म्हणाल्या, "सांग तुह्या बाबाले, शिरा अजून हाय."

२१ मे
मामा गेले. बाबा आता दोन्ही वेळ जेवतात. तंबाखू सुरू. पाट धुऊन कोनाड्यात. बोलणं परत "आला काय" इतकंच. त्यांनी मला माफ केलं की नाही विचारता येत नाही. मला तरी त्यांना माफ करायचं होतं का, तारेबद्दल? तेही विचारता येत नाही. त्यांनी मायचं ऐकलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही ऐकलं असतं, बहुतेक. पण मी तिथे नव्हतो.

२३ मे
महागाव. पुस्तक परत केलं. गुरुजींनी चाळलं. "हळद कशी लागली याला?" "घरात लागली." आणखी काही विचारलं नाही. "आवडलं?" "हो." दुसरं काढून दिलं. हे घेऊ की नको, असं झालं. घेतलं.

२४ मे
संध्याकाळ. बाबा अंगणात दोर वळत बसले, पाठ माझ्याकडे. मी ओसरीत नवीन पुस्तक उघडलं. पाट मांडला नाही, मांडायचा नव्हताच. दोन पानं मनात वाचली. एका गावात एक विधुर पोस्टमास्तर आहे. मग तिसरं पान मोठ्याने वाचायला लागलो. ठरवून नाही. आवाज लहान होता. पलीकडे बांगड्या वाजल्या.
बाबांनी मान वळवली नाही. दोराला पीळ देणारा हात तेवढा थांबला. पान संपेपर्यंत थांबलेलाच होता.
मी पान उलटून चौथं सुरू केलं.