चारही कॅमेरे काकाच्या दाराकडे

आई,

काका अजूनही घरात शिरताना चपला दाराबाहेर काढतो. मी रोज बघते. लातूरला माझ्या गॅसवर चहा उकळत असतो आणि मोबाइलवर मुरुडजवळच्या आपल्या गावातलं अंगण दिसतं, त्याला लागून तुझ्या धाकट्या दिराचं दार. विहिरीची मोटर आणि घरामागच्या शेडमधले तुषार सिंचनाचे पाइप राखायला कॅमेरे बसवतेय, असं मी गावात सांगितलं. बसवणारा म्हणाला, "ताई, शेड मागं अन् कॅमेरे म्होरं, असं कसं?" मी म्हटलं, "तुम्ही वायर ओढा." चारही कॅमेऱ्यांत काकाचा ओटा येतो. एकदा तो कॅमेऱ्याखाली उभा राहून वर बघत ओरडला, "माझ्या दारात सोनं पुरलंय का गं?" मी मोबाइलचा आवाज बंद केला. सोनं कुठे गेलं ते त्याला माहीत आहे.

तुलाही माहीत होतं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तो सोहळा बघायला बाबा आपल्याला एसटीने घेऊन गेले. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुढे एम.ए.ला पाठवायचं म्हणून तू तुझ्या पाटल्या कोठीत वेगळ्या काढून ठेवल्या होत्यास. घर बंद करून जाताना तू नेहमी कोठीच्या उंबऱ्याआत चुलीची राख चाळून पसरायचीस, परत आल्यावर आधी ती बघायचीस आणि मगच पाणी प्यायचीस. त्या दिवशी ऊन असतानाच परतलो. बाबा पारावर बोलत थांबले होते. कोठीची कडी उघडी आहे, पाटल्या नाहीत, आणि राखेत अनवाणी पावलं उमटली आहेत. डाव्या पावलाला करंगळी नाही. काकाची करंगळी कुऱ्हाडीखाली गेली, हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. शिवाय कोठीत देव होते. बाहेरचा चोर देवासाठी चपला काढत नाही. मी तोंड उघडते तोच तू केरसुणी उचलतेस. "तोंड मीट. घरातलं पाऊल हाय, चावडीवर न्यायचं न्हाई." तीन-चार हातांत राख साफ. माझं एम.ए. राहिलं. उन्हाळ्यात लग्न लागलं, तेव्हा अक्षता वाटायला काकाच पुढे होता.

यंदा पाऊस नाही. विहीर आटली म्हणून मोटर वर काढून मागच्या शेडमध्ये ठेवली होती. भर दुपारी कुणीतरी कुलूप तोडून मोटर आणि केबल नेली. बारा वाजता शेजारणीने कुलूप पाहिलं होतं, चार वाजता ते जमिनीवर पडलं होतं. मागे एकही कॅमेरा नाही. जमादार आला, वर बघून हसला. "बाई, चारही म्हाताऱ्यावर? मंग चोर तुम्हीच दावला की." गावही तेच म्हणतं, शिकलेली बाई उगीच कुणावर डोळा ठेवील का. आता काकाला रोज ठाण्यात बोलावतात. ऐंशीच्या पुढचा माणूस, कपाळावर विभूती, दिवसभर बाकावर बसून असतो.

त्या दुपारी तो कुठे होता, ते फक्त मला माहीत आहे. ओट्यावर, बाजेवर बसून ज्वारी निवडत होता. बारा ते चार जागचा हलला नाही. हे रेकॉर्डिंग पंधरा दिवस राहतं, मग आपोआप पुसलं जातं. तुला केरसुणी उचलावी लागली होती. मला नुसतं बसून राहायचं आहे.

चार दिवसांपूर्वी गावी गेले तर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "पोरी, तुझ्या त्या डब्यात मी दिसत आसंन की. दाव की जमादाराला. पंधरा दिसानं जातंय म्हणं ते." मी विचारलं, "आधी सांगा, राखेतलं पाऊल कुणाचं होतं?" तो माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "वैनीनंच पुसलं की ते. मी कशाला बोलू? तिलाच इचार."

म्हणून तुला विचारतेय. कुणाला वाचवलंस? दिराला, की घराच्या नावाला? माझं तर काहीच वाचलं नाही. तू गेलीस तेव्हा तुला खांदा द्यायलाही तोच पुढे होता, आणि तेव्हाही मी तोंड मिटून उभी होते.

आज पंधरावा दिवस. ती दुपार मी पहिल्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली आहे, हे कुणालाच ठाऊक नाही. परवा ती जमादाराला देईन. उद्याचा दिवस मात्र माझा. उद्या तो सगळं पुसलं गेलं असं समजून त्या बाकावर बसेल. आपलं खरं कुणी डोळ्यांदेखत झाडून टाकलं की कसं वाटतं, ते त्याला एक दिवस तरी कळू दे. कमीच आहे, पण तेवढं मी घेणार.

हे पत्र पेनड्राइव्हसोबत तू राख चाळायचीस त्या चाळणीखाली ठेवते आहे. एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. ती दुपार मी आतापर्यंत सात-आठ वेळा पाहिली. दर वेळी वाटतं, आता तरी तो उठेल, चपला घालेल आणि शेडकडे जाईल. तो उठत नाही.