गळा नसलेला स्वेटर

ठमे,

बाळ शेजारच्या काकूंकडे आहे. सुखरूप आहे, घाबरून धावत सुटू नकोस.

त्याचा स्वेटर आज पुरा झाला. खालच्या ओळीतला टाका उचलून विणायची ती फुगीर वीण तुझ्या आजीने मला मांडीशी बसवून शिकवली होती. डोळे मिटूनही जमायची. आज मात्र मी गळाच ठेवला नाही, वरची बाजू विणून बंद केली. आणि तोच त्याच्या डोक्यावरून ओढत बसले. तो रडायचा थांबला, तेव्हा भानावर आले.

आजीचंही असंच झालं होतं. आधी वीण विसरली, मग आम्हाला.

मी डॉक्टरांकडे जाते आहे. उद्यापासून बाळाला माझ्यापाशी एकटं ठेवू नकोस. मी रागावेन, रडेन, तरी देऊ नकोस.

आई