चालू स्थितीत सुपूर्द

३ मार्च २००९, मंगळवार

आज पुन्हा वाजलं! घरात कॉम्प्युटर एक, त्यात सिस्टिम दोन – बाबांना त्यांचं विंडोज हवं, मला माझं लिनक्स. एकातून दुसऱ्यात जायचं तर मशीन रीस्टार्ट करा आणि चार मिनिटं भिंतीकडे बघत बसा. त्यात बाबा कारखान्यात शिफ्ट इनचार्ज, म्हणून घरच्या कॉम्प्युटरलाही लॉगबुक! उठताना वेळ आणि मशीनची स्थिती लिहायची, मगच चार्ज दुसऱ्याकडे. आजची नोंद – "१९.४०. मशीन बंद करून सुपूर्द." खाली माझी सही. हसावं की रडावं?

५ मार्च

बंगलोरची नोकरी मिळाली!! होकार-नकार सोळा तारखेपर्यंत कळवायचा. बाबांना सांगितलं नाही. आई गेल्याला दीड वर्ष झालं. मीही गेले तर या क्वार्टरमध्ये ते आणि कारखान्याचा भोंगा, दोघंच. पत्र माझ्या लिनक्समध्ये आहे, पासवर्डमागे.

८ मार्च, रविवार

एम. पी. नगरच्या कॉम्प्युटर क्लासमधला मोहन म्हणाला, "रीस्टार्ट का झंझट ही खत्म करो. अपने लिनक्स के अंदर ही अंकल का विंडोज चला दो."

दिवसभर खपून जमवलं. आता दोन्ही एकदम चालू असतात. एक कळ दाबली की इकडून तिकडे. बाबांनी सात वेळा दाबून पाहिली. म्हणाले, "इंजिन बदललं आणि डबे हललेसुद्धा नाहीत." लॉगबुकात मोठ्या थाटात लिहिलं – "चालू स्थितीत सुपूर्द."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती कळ दाबून तेही माझ्या लिनक्समध्ये येऊ शकतात, पासवर्डाशिवाय. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा.

११ मार्च

बाबा स्क्रीनसमोर बसले की मी ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालते. आज विचारलंच त्यांनी, "काय गं वैजू, एका जागी बसवत नाही का?" नुसतं बुद्धिबळ खेळत होते!

जेवताना गोपीनाथ नावाच्या कुणा फिटरच्या रजेच्या अर्जावर चिडले. "लिहितात काय, तर घरगुती कारणास्तव. हे कारण नाही, पळवाट आहे. सरळ नामंजूर करतो मी. खरं कारण सांगितलं तर कधी कुणाची रजा अडवलीय?"

मी वरणात पोळी बुडवत राहिले.

१४ मार्च

जायचंय. खूप जायचंय. निदान इथे तरी लिहून टाकते.

१५ मार्च

नाही जायचं. बाबांनी आज पिठल्यात मीठ दोनदा घातलं आणि मुकाट्याने खाल्लं. कशी जाऊ?

१६ मार्च, सोमवार

नकार टाइप केला – घरगुती कारणास्तव येणं शक्य नाही. पाठवणार तोच नळाला पाणी आलं. टाउनशिपचं पाणी कुणासाठी थांबत नाही. सवयीने लॉगबुकात "१७.१०. चालू स्थितीत सुपूर्द" असं खरडलं आणि बादल्यांकडे पळाले. शेवटची बादली भरताना आठवलं – नोकरीचं पत्र, मसुदा, सगळं उघडंच आहे! धावत आले. खुर्ची रिकामी. बाबांच्या चपला दारात नाहीत.

त्याच दिवशी, सहा वाजता

मसुदा स्क्रीनवर तसाच आहे, न पाठवलेला. लॉगबुकात बाबांचं अक्षर –

"१७.३५. मशीन चालू. कळ दाबताना तुझा अर्ज समोर आला, वाचला. मुदत आजची आहे. घरगुती कारण नामंजूर. – विश्वनाथ, शिफ्ट इनचार्ज."