केकच्या वासाचं रोप

बाबा, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या वर्षी मी सौदीला गेलो. रास तनुराजवळ परदेशी इंजिनिअरांची एक वसाहत होती, तिथल्या बागेचं काम मिळालं ते तुमच्यामुळेच. एजंटाने विचारलं, काय येतं? म्हटलं, आंब्याची कलमं बांधता येतात. तुमच्या रोपवाटिकेतली एक सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. मी बाजारातून एक रोप हौसेने विकत आणलंय आणि तुम्ही ते हातात धरून विचारताय, "ह्याची आई कोण? बाप कोण?" मला सांगता येत नाही. "वंश ठाऊक नसलेलं झाड दारात लावायचं नाही," म्हणालात आणि रोप गडग्यापलीकडे फेकून दिलंत. 

पण ज्या झाडाने मला घाम फोडला, त्याचा वंश मला सगळा ठाऊक होता. एक साहेब सुट्टीवर निघाला. घरातल्या कुंड्यांना पाणी घालायला त्याने एक किल्ली मला दिली, एक माझ्या मल्याळी सोबत्याला. मग मला एकट्याला वरच्या न्हाणीघरात नेलं. खिडकीत एक कुंडी होती. पान पाहिलं आणि ओळखलं, गांजा. आपल्या गावच्या मठात बैरागी ओढायचे, तेच. साहेब मात्र कौतुकाने सांगत होता, अगदी तुम्ही नव्या कलमाबद्दल सांगायचात तसा. हिची आजी अफगाण डोंगरातली, बुटकी नि दाट. आजा थायलंडकडचा, उंच. त्यांच्या पोरांतून जांभळासारख्या वासाचं तेवढं निवडलं, आणि त्याचा संकर केला दुसऱ्या एका गोड वासाच्या जातीशी. "वास घे," म्हणाला. आधी पिकलेलं फळ, मागून भट्टीतून काढलेला केक. मी म्हटलं, "साहेब, इथे ह्यापायी मान जाते." तो हसला. "पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

तो विमानात बसला. झडती झाली तर त्याला सोडवायला त्याची वकिलात होती. माझा पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे मला आणणाऱ्या मालकाच्या, कपाटात.  गाडी थांबल्याचा आवाज आला की मी खिडकीशी जाऊन बघायचो. वास जिन्यावरून खाली यायला लागला होता. तिसऱ्या दिवशी मल्याळी सोबती दारात उभा राहून म्हणाला, "भाई, इधर कुछ मीठा पक रहा है क्या?" मी म्हटलं, "साबण आहे."

चौथ्या दिवशी सकाळी मी ते उपटलं. बाबा, इतकं निरोगी रोप मी आयुष्यात कधी उपटलं नव्हतं. बारीक चिरलं, संडासात सोडलं, पुन्हा पुन्हा पाणी ओतलं. हात तीनदा धुतले, तरी चिकट वास बोटांना तसाच. दुपारी जेवायला आमच्या कामगारांच्या कॅम्पवर जाताना वसाहतीच्या फाटकावरच्या शिपायाने इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मागितला. मी तो पुढे केला तेव्हा त्याने माझं मनगट धरलं आणि बोटं नाकाशी नेली. "एश हादा?" हे काय, म्हणून विचारलं त्याने.  "फ्रूट, सर. जाम," मी म्हटलं.  मग त्याने इकामा परत दिला. "यल्ला, रूह." चल, जा.

साहेब आला, रिकामी कुंडी बघून म्हणाला, "मेलं?" मी म्हटलं, "मेलं." पुन्हा तो माझ्याशी बोलला नाही, आणि काही महिन्यांनी त्याची बदली झाली.

घरी मी हे सांगतो तेव्हा सगळे जामवर हसतात. मीही हसतो. हा कागद कुणाकडे जायचा नाही, म्हणून उरलेलं इथे लिहितो. शिपायाने मनगट धरलं तेव्हा माझ्या तोंडात आधी 'फ्रूट' आलंच नव्हतं, त्या मल्याळ्याचं नाव आलं होतं. दुसरी किल्ली त्याच्याकडे आहे, हे वाक्य मी मोडक्या अरबीत तीन दिवस मनाशी जुळवून ठेवलं होतं. शिपायाने आणखी एकदा विचारलं असतं, तर मी ते बोललो असतो. कॅम्पवर पोचलो तेव्हा त्या मल्याळ्याने माझ्यासाठी भात झाकून ठेवला होता, आणि मी तो खाल्ला.