ओवाळणीत दिलेलं कॅन्टीन

मु. वळ

दादा,

कढईत तेल तापलेलं असताना गोदामाच्या मॅनेजरने मला गॅस बंद करायला लावला. गोदामाला दिलेल्या जमिनीच्या करारात कॅन्टीनचा हक्क बाळाराम पाटलांना आहे, तुम्हाला नाही, म्हणाला.

"दादाने भाऊबीजेला ओवाळणीत दिलाय."

"ओवाळणीची पावती आहे का, ताई?"

वकीलबाई म्हणाल्या, तू दिलास तेव्हाच आपल्या दोघांत हक्क माझा झाला; पण तू लेखी कळवेपर्यंत कंपनी तुलाच ओळखणार. तेव्हा दोन ओळी लिहून सही कर. मन बदललं असेल तर तसं तोंडावर सांग. मी मात्र पाच किलो बटाटे उकडून बसलेय.

तुझी सुकी

ता. क. पत्र पाठवलंच नाही. मॅनेजरने तुला आधीच फोन केला होता. सकाळी तू सही केलेला कागद त्याच्या हातात दिलास आणि म्हणालास, "ही घ्या पावती. सुके, गॅस पेटव."