उंबऱ्याशी राहिलेला ठिपका

मांडवी, रत्नागिरी
नोव्हेंबर १९३४

ती. दादास मालनचा नमस्कार.

पॅरिसहून तू पाठवलेल्या तुझ्या चित्रात माणूस एकही नाही, नुसते चौकोन आणि रेषा. शेजारी हसले. आईनं मात्र ओळखलं, हे आपलं जांभ्याचं घर आणि ही तिची दारातली रांगोळी. "उंबऱ्याशी एक ठिपका राहिला गो," म्हणाली, आणि तांदळाचं पीठ कालवून तिनं तो बोटानं चित्रावरच दिला. मी तिच्यावर ओरडले रे.

आता प्रदर्शनासाठी तू चित्र परत मागतोस. दादा, आई सोमवारी गेली. सुतकात दारी रांगोळी नाही. तिच्या हातचा तेवढा एकच ठिपका उरलाय. तुला तो डाग वाटेल, तू पुसशील.

चित्र वाळवीनं खाल्लं, असं दुसऱ्या पत्रात कळवीन. हे पत्र मात्र पेटीतच राहील, चित्रापाशी.

तुझी,
मालन